जाब विचारणारे पुष्कळ, साथ देणारे किती?

मलकापूर असो, खामगाव असो की मेहकर, बुलढाणा जिल्ह्यात आपल्या मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेचा विषय निघाला की बोट लगेच मुख्याध्यापकांकडे जाते. ‘हेडमास्तर लक्षच देत नाहीत’ हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल.

पण हे हेडमास्तर असतात कोण? शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० पेक्षा जास्त मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद असते. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या लहान शाळांत हा प्रभार सहसा ज्येष्ठ शिक्षकाकडे येतो. वर्गावर शिकवायचे, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, यू-डायसची माहिती भरायची आणि आधार जुळत नसलेल्या मुलांच्या पालकांना फोन करायचे, हे सगळे त्यांनीच. वरून विचारणा, खालून तक्रार.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे एकाने लिहिलेला कोड दुसरा तपासतो. अडले तर शेजारच्याला विचारतो. रात्री सिस्टिम बंद पडली तर कोणाला उठवायचे हेही ठरलेले असते. आमचा आत्मविश्वास डिग्रीपेक्षा या सोयीतून जास्त येतो. प्रभारी मुख्याध्यापकांना पद मिळते, पण अशी सोय क्वचितच मिळते.

‘हे मला जमेल’ हा भरवसा कुठून येतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये केली. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या: स्वतःला आलेले यश, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमताना पाहणे, विश्वासातल्या माणसाचा शब्द आणि शरीर-मनाची अवस्था. यातल्या मधल्या दोन गोष्टी माणसांशिवाय मिळतच नाहीत. एकटा माणूस कितीही हुशार असला तरी त्या स्वतःला देऊ शकत नाही.

आपल्या इतिहासातही याची खूण आहे. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या सावित्रीबाई फुले १८५६ मध्ये आजारपणामुळे माहेरी होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या फातिमाची आठवण काढतात. आपण नसताना तिच्यावर भार पडत असेल, पण ती तक्रार करणार नाही, याची त्यांना खात्री आहे. समाजाचा एवढा विरोध असताना त्या पाय रोवून उभ्या राहिल्या, त्यामागे अशा सहकाऱ्यांचाही आधार होता.

आज केंद्रस्तरावरची शिक्षण परिषद ही अशी नाती जुळण्याची जागा आहे. पण तिथला वेळ परिपत्रके वाचण्यात आणि माहिती मागण्यात संपला, तर ‘सर, मला हे जमत नाहीये’ असे कोण म्हणणार? उर्दू माध्यमाच्या मुख्याध्यापकांच्या आसपास बहुतेक मराठी शाळा असतात. त्यांच्यासारख्याच अडचणी असलेला सहकारी कदाचित दुसऱ्या तालुक्यात असतो.

याचा अर्थ कामचुकारपणावर पांघरूण घालावे असा नाही. शाळेत न येणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण फक्त जाब विचारल्याने कोणाला काम येत नाही. भीती वाटणारा माणूस नवे काही करून पाहत नाही, तो कागद तेवढे पूर्ण ठेवतो. त्याची किंमत मुले मोजतात.

मित्रमैत्रिणींनो, तुमची मुले शाळेत असतील तर शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्याने तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या असतात आणि मुख्याध्यापक तिचे सचिव असतात. मुले नसतील तरी पोर्टलवर काम अडले असताना तासभर शेजारी बसता येईल. दोन तालुक्यांतल्या उर्दू शाळांच्या मुख्याध्यापकांची गाठ घालून देता येईल.

पुढच्या बैठकीत ‘हे का झाले नाही?’ असे विचारण्याआधी ‘सर, आपा, या महिन्यात कुठे अडले?’ एवढे विचारा. आणि उत्तर मिळाले की उठून जाऊ नका.