भिंतीच्या दोन्ही बाजूंना

भिलाईहून समुद्र शेकडो कोस दूर. तरी आमच्या घरी नौदलाचा विषय निघतोच, कारण 'विक्रांत' या विमानवाहू नौकेच्या पोलादात आमच्या कारखान्याचाही वाटा आहे. मला स्वतःला नौदलात जायचे आहे. म्हणून वर्गात आवडत्या योद्ध्यावर बोलायची पाळी आली, तेव्हा मी विल्यम हॉल या खलाशाचे नाव घेतले. मित्राने लगेच विचारले, "अरे, तो आपल्याविरुद्ध लढला ना?" तेव्हा उत्तर सुचले नाही. आज देतो.

हॉल कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचा. आईवडील अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटून तिथे आलेले. १८५२ मध्ये तो ब्रिटिश नौदलात शिरला, क्रिमियाच्या युद्धात लढला. १८५७ मध्ये त्याचे 'शॅनन' जहाज कलकत्त्याला आले. कॅप्टन विल्यम पीलने जहाजावरच्या तोफा आणि खलाशी गंगेतून अलाहाबादपर्यंत नेले, पुढे जमिनीवरून लखनौला. १६ नोव्हेंबरला शाह नजफच्या जाड भिंतीपुढे तोफा लावल्या. एका तोफेवर माणूस कमी होता; हॉल आपणहून गेला. अशी तोफ दर बारानंतर मागे सरकते, ती पुन्हा भरून पुढे ढकलायला पुरे पथक लागते. आतून होणाऱ्या गोळीबारात ते पथक कोसळले. उरले दोघे, हॉल आणि जखमी लेफ्टनंट थॉमस यंग. भिंतीला खिंडार पडेपर्यंत दोघे तोफ चालवत राहिले. १८५९ मध्ये हॉलला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय.

हे शौर्य नाही असे मला म्हणवत नाही. पण आजोबा म्हणतात, "खलाशाने हुकूम पाळला, बाकी त्याला काय?" तेही मला पटत नाही. ६ डिसेंबरला कानपूरला याच नौदल पथकाच्या तोफा तात्या टोपे यांच्या फौजेवर चालल्या. तात्या मूळचे आपल्या येवल्याचे. आणखी चार दिवसांनी, १० डिसेंबरला, इथून जेमतेम तासाभराच्या रायपुरात सोनाखानच्या वीर नारायण सिंह यांना फाशी झाली. दुष्काळात सावकाराचे कोठार फोडून त्यांनी धान्य लोकांना वाटले होते. रायपूरच्या क्रिकेट स्टेडियमला त्यांचे नाव आहे, सामन्याच्या दिवशी सगळेच ते घेतात. पण माझ्या वर्गात ते कोण हे सांगता येणारे दोघेच निघाले.

पदक कोण देतो यावर कोणाचे शौर्य लिहिले जाते हे ठरते. इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या हिंदी शिपायालाही १९११ पर्यंत व्हिक्टोरिया क्रॉस मिळू शकत नव्हता; मग शाह नजफच्या आत उभे राहून लढणाऱ्यांची नोंद कोण ठेवणार? हॉलची कबरसुद्धा १९०४ नंतर कित्येक वर्षे नावाशिवाय होती. आज कॅनडाच्या गस्ती जहाजावर त्याचे नाव आहे, आणि त्याचा मला आनंदच आहे. भिंतीच्या आतल्यांची नावे मात्र मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाहीत.

तेव्हा मी हॉलचे नाव मागे घेत नाही. फक्त १० डिसेंबरच्या सकाळच्या परिपाठात मला आधी नारायण सिंहांवर बोलायचे आहे, मग हॉलवर. मित्राला हे सांगितले, तर तो म्हणाला, "पाच मिनिटांत दोघे मावणार नाहीत." त्याचेही खरेच आहे. सरांकडे दहा मिनिटे मागितली आहेत.