लंगडी शिकवावी लागते

गेल्या डिसेंबरात नातीच्या शाळेचा क्रीडादिन होता. दुसरीच्या मुलांची लंगडीची शर्यत होती. शिट्टी वाजली आणि तिसऱ्याच उडीला आमच्या बाईंनी दुसरा पाय टेकला. शिक्षकांनी तिला बाजूला घेतले. उरलेला वेळ ती पायरीवर बसून इतरांचे डबे राखत होती. घरी येताना म्हणाली, ''आजोबा, मला हे कुणी शिकवलंच नव्हतं.'' मी हसून म्हणालो, ''लंगडी काय शिकवायची असते?''

बोलून गेलो खरा, पण मग आठवले की मला ती शिकवलेली होती. आमच्या वाड्यात ठिकरीचा डाव रंगला की लहानांना 'कच्चं लिंबू' म्हणून घेत. कच्चे लिंबू बाद होत नसे. पाय टेकला तरी कोणी बोलत नसे, उलट एखादी ताई दंडाला धरून पुढच्या घरात नेई. असे वर्षभर पडत-झडत एका पायावर उभे राहता आले. त्याला शिक्षण म्हणतात हे ना ताईला ठाऊक होते, ना मला.

साधारण चौथ्या वर्षी मूल एका पायावर दोन-चार उड्या मारू लागते. पण तोल सांभाळणे, वळणे, थांबणे, दोन्ही पायांनी तितक्याच सहजतेने लंगडणे हे सरावाशिवाय येत नाही. वाडे गेले, ताया क्लासला गेल्या. मग हे शिकवायचे कोणी?

अर्थातच शाळेने. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक ठरवले. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील, तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमायलाही सांगितले. पहिली ते पाचवीसाठी मात्र तशी तरतूद नाही. म्हणजे पाय घडतात त्या वयात शिकवणारा नाही, आणि तो येतो तेव्हा अर्धी मुले 'मला खेळ येत नाही' असे ठरवून बसलेली असतात. उरतात वर्गशिक्षक आणि पी.टी.चा तास. तो तास गणिताच्या बाई कधी मागून घेतील, याचा नेम नसतो.

वर्गशिक्षकाला हे जमणार नाही, असे मात्र मला वाटत नाही. 1988 साली माझी बदली एका खेड्यातल्या शाखेत झाली. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून जिल्हा परिषदेच्या शाळेचे पटांगण दिसे. तिथले पहिलीचे गुरुजी उडी शिकवण्याआधी उतरायला शिकवीत. ओट्याच्या खालच्या पायरीवरून उडी मारायची, गुडघे वाकवायचे, आवाज होता कामा नये. ''मांजर उतरतं तसं!'' त्यानंतर घोड्याची दुडकी चाल, एकच पाय सतत पुढे ठेवून. मग पाय बदलून. पावलागणिक एक लंगडी घेत जाणे सर्वांत शेवटी; ते अवघडच. पळताना हात कोपरात वाकलेले हवेत, नजर समोर हवी, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत. साधन म्हणाल तर चुन्याच्या चार रेघा. शर्यत त्यांनी लावलेली मी पाहिली नाही, त्यामुळे बाद होऊन बसलेले मूलही दिसले नाही. व्हाउचरवरच्या सह्या खोळंबत आणि शिपाई खाकरून मला जागे करी.

आपल्या क्रीडादिनाचे नेमके उलटे असते. ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त, तोच सर्वांत आधी बाहेर. पालक म्हणून आपण पदकाचा फोटो काढतो. आपले मूल त्या तासाला किती वेळ उभे होते आणि किती वेळ हलले, हे कधी विचारतो का? मी तरी विचारले नव्हते.

आता संध्याकाळी आम्ही दोघे सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने घरे आखतो. तिथे 'मुलांनी येथे खेळू नये' अशी पाटी आहे. निवृत्त बँकवाला म्हणून खजिनदारपद माझ्याच गळ्यात पडलेले, तेव्हा त्या पाटीचा खर्चही मीच मंजूर केला होता. परवा उजव्या पायावर ती अकरा घरे गेली. डावा पाय अजून चौथ्या घरात टेकतो. खालच्या मजल्यावरचा एक चिमुरडा रोज कठड्याशी उभा राहून बघतो. काल तिने त्याला हाताला धरून आत घेतले आणि मला बजावले, ''आजोबा, हा कच्चं लिंबू आहे हं.''