काम कुठं आहे, हे बाईला कोण सांगणार?



दसरा जवळ आला की आपल्या जिल्ह्यात एका कामाची बातमी न शोधता दारात येते. मुकादम येतो, उचल ठरते आणि नवरा-बायकोचा मिळून एक कोयता मोजला जातो. कळंब, वाशी, भूम, परंड्याच्या बायकांना हे नव्यानं सांगायला नको. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते, फेड मात्र दोघांच्या अंगावर. एकट्या बाईला तर तिथंही पुरती जागा नाही. ती 'अर्धा कोयता'. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न गाजला, शासनाला समिती नेमावी लागली. हे सारं कानावर असूनही बाया जातात. दुसरं काम असतं तरी कुठं, हे त्यांना ठाऊक नसतं म्हणूनही जातात.

कामाच्या बातमीला गावात ठरलेल्या वाटा आहेत. ती पारावर कळते, हॉटेलात कळते, एस. टी. स्टँडवर, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर कळते. आता ती मोबाईलवर येते, पण घरातला एकुलता मोबाईल कुणाच्या खिशात असतो? आपण बसतो गिरणीवर, नळावर, गटाच्या बैठकीत. तिथं लग्नं कळतात, दुखणी कळतात. जागा निघाल्याचं कळतं तेव्हा मुदत संपून गेलेली असते.

अंगणवाडी सेविका-मदतनिसांची जाहिरात बालविकास प्रकल्प कार्यालयाकडून निघते. पोलीस पाटलाची भरती उपविभागीय अधिकारी करतात. ते पद पुरुषांचंच, असं आपणच धरून बसलो आहोत. आशाची निवड गावपातळीवर होते आणि विधवा, घटस्फोटित, नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई तिथं पात्र आहे. ही कामं फार चांगली आहेत असं आम्ही म्हणणार नाही. अंगणवाडीताई आणि आशा अजूनही मानधनावर राबतात आणि पगारासाठी मोर्चे काढतात. पण ही कामं गावातच आहेत आणि त्यांना जोडीदार लागत नाही.

खरी अडचण इथंच सुरू होते. अंगणवाडीच्या कामाला बाई स्थानिक रहिवासी लागते. टाकलेली बाई माहेरी येऊन सहा-सात वर्षं झालेली असतात, पण तिचं नाव असतं सासरच्या रेशनकार्डावर. शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं. जाहिरात निघाल्यावर पंधरा दिवसांत हे कागद जुळत नाहीत. भाऊही वेगळं रेशनकार्ड काढून द्यायला कां-कूं करतो. पुढं जमिनीत वाटा मागेल ही धास्ती! म्हणजे काम शोधायची सुरुवात जाहिरातीपासून नाही, रेशनकार्डापासून करायला हवी. संघटनेनं एकट्या बायांची नावं उतरवून घेऊन हे काम आधीच उरकावं, जाहिरातीची वाट पाहू नये.

आणि रोजगार हमी? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांच्या घामातून १९७७ चा राज्याचा कायदा उभा राहिला. 'मागेल त्याला काम' हे आपल्याच महाराष्ट्रानं देशाला शिकवलं. २००५ मध्ये केंद्राचा कायदा झाला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्याच्या जागी नवा कायदा केला. त्यात शंभराऐवजी सव्वाशे दिवसांचं आश्वासन आहे, पण पेरणी-काढणीच्या हंगामात मिळून साठ दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची मुभाही आहे. शेतमालकाला मजूर स्वस्तात मिळावेत याची ही सोय आहे असं आमचं मत आहे. ज्या बाईला हंगामात कुणी रोजानं बोलवत नाही, तिनं ते दिवस कसे काढायचे?

कायदा कोणताही असो, आपली हार एकाच जागी होते: मागणी तोंडी राहते. बाई ग्रामपंचायतीत जाते, काम नाही म्हणून सांगतात, ती परत येते. कागदावर तिनं काम मागितलेलंच नसतं! मागणी लेखी दिली, तारखेची पोच घेतली, तर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, हा हक्क लागू होतो. पोच द्यायला टाळाटाळ होते ती त्यामुळंच. एकटीला टाळता येतं, वीसजणींना अवघड जातं.

कागद आणि बातमी बायांच्या हाती आली की काय होतं, हे या जिल्ह्यानं पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात महिला मंडळांतल्या बाया संवाद सहायक झाल्या. मदत कशी मिळते, घर मजबूत कसं करायचं, हे त्यांनी गावाला समजावलं. त्याआधी यातल्या कित्येकींनी ग्रामपंचायतीची पायरी चढलेली नव्हती.

म्हणून या तिमाहीत प्रत्येक गटानं एक करावं. आठवड्यातला एक दिवस ठरवून दोघीजणींनी ग्रामपंचायत, तालुक्याचं बालविकास कार्यालय आणि तहसील यांचे फलक वाचून यावेत, आणि जे दिसेल ते गिरणीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावं. शेवटची तारीख आधी लिहावी. 'लावून देतो' म्हणून पैसे मागणारा गावात फिरत असेल, तर तेही त्याच भिंतीवर लिहावं. रोजगार हमीचे लेखी अर्ज दसऱ्याच्या आधी, मुकादम यायच्या आत, द्यावेत. किती अर्ज दिले आणि किती पोचा हाती आल्या, ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात गावांच्या नावांसह छापू.