वाचून पाठ होत नाही

बदलापूरच्या एक मावशी परवा ओपीडीत आल्या. ‘डॉक्टर, मला विसरायचा आजार झालाय.’ चर्चमध्ये तेविसावे स्तोत्र म्हणायचे होते. महिनाभर रोज वाचले आणि उभे राहताच दुसरे वचन आठवेना. दुधाचा, भिशीचा हिशेब मात्र तोंडपाठ! बी-१२ आणि थायरॉईड तपासले, कारण त्यांच्यामुळे आलेला विसराळूपणा उपचारांनी बऱ्याचदा सुधारतो. दोन्ही ठीक निघाले.

चूक पाठ करण्याच्या रीतीत होती. पुन्हा पुन्हा वाचले की ओळी ओळखीच्या वाटतात; पण ओळखणे वेगळे, आठवणे वेगळे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हे तपासले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणारे.

मावशी कामाला लोकलने कल्याणला जातात. त्यांना म्हटले, स्तोत्रात सहाच वचने आहेत. बदलापूर सुटले की एक वाचा आणि पुस्तक मिटा. अंबरनाथला मनात म्हणा, उल्हासनगरला पुन्हा. अडलात तरच उघडा. दुसऱ्या दिवशी आधी कालचे, मग नवे. आणि रात्रीची झोप मोडू नका, पाठ केलेले झोपेत पक्के होते.

तशी ही अडचण जुनीच असावी. एकशे एकोणिसाव्या स्तोत्राची १७६ वचने हिब्रूच्या २२ अक्षरांवर आठ-आठ अशी रचली आहेत, म्हणणाऱ्याला पुढचे अक्षर आधार देते.

मंडळीतल्यांना एक विनंती. उभे राहिलेले माणूस अडले तर हसू नका, पुढचा शब्द हळूच सांगा. भीतीने पाठ असलेलेही आठवत नाही.