पाठांतर आणि प्रतीती

धर्मशिक्षणाच्या परीक्षेत मुलाला किती गुण मिळाले, हे आईवडील अगत्याने विचारतात. भांडलेल्या मित्राला त्याने क्षमा केली का, हे कोण विचारतो? दहा आज्ञा घडाघडा म्हणणे म्हणजे श्रद्धा नव्हे. अरण्यात प्रभू येशूला मोहात पाडू पाहणाऱ्या सैतानालाही शास्त्रवचने मुखोद्गत होती!

मग धर्मज्ञान टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीत प्रश्नोत्तररूपी धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले. ते त्यांच्या निधनानंतर १६२२ साली छापले गेले. परंतु केवळ प्रश्नोत्तरांवर त्यांनी भागवले नाही. १६१६ साली प्रसिद्ध झालेले सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण भाविकांनी ऐकावे, गावे, अंतःकरणात मुरवावे असेच आहे.

पासलीच्या मावळी शेतकऱ्याला विचारा: तरव्यातले भाताचे रोप कितीही हिरवेगार असो, चिखलात लावणी झाल्यावाचून ते पीक देत नाही. धर्मशिक्षणाचा वर्ग हा तरवा होय. लावणी घरात व्हायची असते. ज्या घरात रोज जपमाळ होते आणि बांधावरून सख्ख्या भावाशी अबोलाही चालतो, त्या घरातले मूल काय शिकणार? शब्द जपमाळेचे, धडा अबोल्याचा!