छाटणीचा धंदा आणि मुखत्यारपत्र



झाडे छाटण्याचे काम आपल्यातील काही कुटुंबे करतात. कोणी सोसायट्यांचे नारळ साफ करतो, कोणी पावसाळ्यापूर्वी ठेकेदाराकडे रोजावर फांद्या उतरवतो. काहींनी आता यंत्राची करवत, दोर, शिडी आणि जुना टेम्पो घेऊन स्वतःचा धंदा थाटला आहे. कालपर्यंत दुसऱ्याच्या हजेरीवर जाणारा माणूस आज चार जणांची हजेरी मांडतो, ही आनंदाची गोष्ट आहे. पण या धंद्यात मालक स्वतःच झाडावर चढतो आणि सगळे कागदही त्याच्या एकट्याच्या नावावर असतात.

असाच एक बंधू मे महिन्यात गुलमोहरावरून खाली आला. मांडीचे हाड मोडले, दोन महिने खाटेवर. तीन सोसायट्यांनी कामाचे चेक दिले, ते धंद्याच्या खात्यात जमाही झाले. परंतु खात्यावर सही त्याची एकट्याची. धंद्याच्या हिशेबाची वही दहा वर्षे त्याची पत्नी लिहीत होती. तिला बँकेतून तीन वेळा परत पाठवले. मजुरी थकली तसे मजूर दुसरीकडे गेले, आणि स्वतःचे पैसे बँकेत पडलेले असताना घर सावकाराच्या दारात उभे राहिले.

बँकेची वागणूक रुक्ष होती, पण नियमाबाहेर नव्हती. एकट्या मालकाचा धंदा आणि तो मालक कायद्याच्या नजरेत एकच असतात. पत्नी आहे, मुलगा आहे म्हणून त्याच्या वतीने सही करण्याचा हक्क कोणाला आपोआप मिळत नाही. तो लेखी द्यावा लागतो. त्या लेखाला मुखत्यारपत्र म्हणतात. त्याचा स्वतंत्र कायदा १८८२ चा आहे, आणि मुखत्याराचे अधिकार व जबाबदाऱ्या १८७२ च्या करार कायद्यात आहेत. बी.कॉम.ला ज्याला आपण मर्कंटाईल लॉ म्हणतो, त्यातलाच हा भाग. बाबासाहेबांनी १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये हाच विषय शिकवला होता. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या घरात व्यापारी कायद्याचा कागद परका वाटू नये.

मुखत्यारपत्र दोन तऱ्हेचे. कुलमुखत्यारपत्रात जवळजवळ सगळे अधिकार जातात, खास मुखत्यारपत्रात ठरावीक कामापुरते. छाटणीच्या धंद्याला खासच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात कामे एकेक करून लिहावीत: सोसायट्यांना व महापालिकेला दरपत्रके आणि अर्ज देणे, बिले सादर करून रक्कम स्वीकारणे, अमुक बँकेतील अमुक खाते ठरावीक रकमेपर्यंत चालवणे, मजुरी देणे, टेम्पोची व यंत्राची दुरुस्ती करून घेणे. काय करता येणार नाही तेही लिहावे. कर्ज काढणे, कोणाला जामीन राहणे, राहते घर विकणे किंवा गहाण ठेवणे, हे अधिकार दिलेले नाहीत, असे साफ शब्दांत हवे. मुदत घालावी, एक किंवा दोन वर्षे.

झाडांच्या बाबतीत आणखी एक काळजी. नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडणे हा गुन्हा ठरतो. मुखत्याराने दिलेल्या अधिकारात केलेली सही ही तुमचीच सही. म्हणून परवानगीचा कागद हातात पडल्याशिवाय काम घ्यायचे नाही, ही अट मुखत्यारपत्रातच घाला.

मुखत्यार कोणाला करावे? जो हिशेब जाणतो त्याला. बहुतेक घरांत ती पत्नी असते किंवा शिकलेली मुलगी. मेहुणा बोलका आहे, चार ऑफिसांत ओळखी आहेत, म्हणून त्याला करू नका.

मसुदा मराठीत करा. अंगठा उठवणाऱ्याने तो दोन साक्षीदारांसमोर वाचून घ्यावा. योग्य किमतीच्या मुद्रांकावर लिहून नोटरीसमोर सही करावी. किंमत अधिकारांप्रमाणे बदलते, ती आधी विचारून घ्यावी. बऱ्याच बँका स्वतःचा नमुना भरून मागतात, म्हणून बँकेत आधी जाऊन या. मूळ कागद आपल्याकडे ठेवा, बाहेर साक्षांकित प्रत द्या. विश्वास उडाला तर लेखी रद्द करता येते, पण रद्द केल्याची पत्रे बँकेला, महापालिकेला आणि गिऱ्हाईक सोसायट्यांना पोहोचवून पोच घ्यावी लागते. कोऱ्या मुद्रांकावर सही मात्र भावाने मागितली तरी देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. देणारा वारला की मुखत्यारपत्र संपते. त्याचे मन ठिकाणावर राहिले नाही तरी १८७२ च्या कायद्याप्रमाणे ते संपते. हाड मोडले आणि माणूस शुद्धीवर आहे, तर हा कागद चालेल. डोक्याला मार लागून तो बेशुद्धच राहिला, तर त्या कागदावर भरवसा ठेवता येत नाही, आणि त्या अवस्थेत नवा करता येत नाही. मग उच्च न्यायालयात जावे लागते. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोमात गेलेल्या पतीची पालक म्हणून पत्नीला नेमले होते. पण वकील, फी, तारखा हे आपल्या घरांना किती जड जाते ते सांगायला नको.

यावर पूर्ण इलाज नाही, अर्धा आहे. खात्याला नामनिर्देशन करावे, म्हणजे मृत्यूनंतर बँकेत अडत नाही. आणि धंदा बरा चालत असेल तर पत्नीला किंवा सज्ञान मुलीला रीतसर भागीदार करून घ्यावे. मग तिची सही तिच्या स्वतःच्या हक्काने चालते. भागीदारीचा करार कसा लिहावा, ते पुढील अंकी.