‘नाइसली’ म्हणजे नेमकें काय?

आमच्या पेठांतून हल्लीं ‘नाइसली’ हें इंग्रजी क्रियाविशेषण फारच स्वस्त झालें आहे. माल ‘नाइसली’ बांधला, काम ‘नाइसली’ चाललें आहे, मुलगा ‘नाइसली’ अभ्यास करतो! परभाषेंतील शब्द घेण्यास आमचा सरसकट विरोध नाहीं. दस्तऐवज, वकील, हिशेब हे शब्द बाहेरूनच आले व आमचे झाले. कारण त्यांच्याबरोबर नेमका अर्थ आला. ‘नाइसली’बरोबर काय आलें?

या शब्दाचें कुळ पाहण्यासारखें आहे. ‘अजाण’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघून ‘नाइस’ हा फ्रेंचमार्गें इंग्रजींत शिरला, आणि तेथें प्रथम त्याचा अर्थ मूर्ख असा होता. पुढें चोखंदळ, मग सूक्ष्म, आणि अठराव्या शतकांत सुखकारक! १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्थँगर ॲबे’ कादंबरींत वाटेल त्या वस्तूस चिकटणारा शब्द म्हणून त्याची थट्टाच आहे. वकिली भाषेंत मात्र जुना अर्थ जिवंत आहे. कायद्याचा ‘नाइस’ मुद्दा म्हणजे केसाएवढा बारीक मुद्दा. पक्षकारानें तो ऐकून आनंद मानूं नये.

व्यापाऱ्यांनीं तर या शब्दापासून विशेष जपावें. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याप्रमाणें वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशीं जुळला पाहिजे. पण वर्णन ‘नाइसली’ असेल तर तें कोणत्या तराजूंत घालावयाचें? समजा, कोल्हापूरचा गूळ वाटेंत पावसानें पाझरला. पत्रांत ‘दुहेरी गोणपाट, शिवण पक्की’ असें असतें, तर एकेरी गोणपाट दाखवून तक्रार उभी करतां आली असती. ‘नाइसली’ बांधल्याचें लिहिलें असल्यास विक्रेता म्हणेल, ती नुसती मालाची तारीफ होती. आणि त्यास खोटें पाडणें जड जाईल.

मराठींत शब्दांची वाण आहे काय? जेवावें नीट, अक्षर काढावें वळणदार, हिशेब ठेवावा चोख, झांकण बसावें चपखल, घडी घालावी व्यवस्थित. या पांचही ठिकाणीं ‘नाइसली’ म्हणणें म्हणजे सब घोडे बारा टक्के. घरांतील बायका अजून हा भेद बिनचूक पाळतात. शिकलेल्या पुरुषांनाच तो जड जातो, हें नवल होय.

सर्वांत अधिक नुकसान मुलांचें होतें. वहीवर ‘नाइसली डन’ असा शेरा मारून गुरुजी मोकळे होतात. आणि अक्षर सुधारलें, कीं रीत बरोबर आली, कीं उत्तर, याचा पत्ता मुलाला लागत नाहीं. ‘रीत बरोबर, गुणाकारांत चूक’ एवढें लिहिण्यास किती शाई लागते?